साडेतीन केल्विनची वजाबाकी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: विश्वाच्या आरंभकाळातले अवशेष प्रारण सगळ्या दिशांनी सारखेच येते असे पुस्तकात लिहिलेले असते, आणि त्याच पुस्तकात पुढे त्या प्रारणातल्या फरकांवरून विश्वाचे वय आणि घटक काढलेले असतात, हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे? शिवाय केल्विनच्या लाखाव्या भागाच्या घरातले फरक मोजताना आपण आपल्याच यंत्राचा, हवेचा किंवा आकाशगंगेचा गोंगाट मोजत नाही, याची खात्री कोण देणार?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. माझी कामाची बहुतेक वर्षे अशा निरीक्षणांतून नको ते बाजूला काढण्यात गेली. विश्वशास्त्राचा अभ्यासक दिवसभर आरंभाचे चिंतन करत बसलेला असतो अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात तो बराचसा वेळ केबल किती तापली, आरशाच्या कडेवरून जमिनीची किती उष्णता आत शिरली आणि काल रात्री हवेत बाष्प किती होते, याचे हिशोब मांडत असतो. हे शास्त्र वजाबाकीवर उभे आहे. त्यातल्या कुठल्याही निष्कर्षावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवताना काय वजा केले, कशाच्या आधारावर केले आणि वजा केलेल्या रकमेतच चूक किती असू शकते, एवढे तीन प्रश्न मी विचारतो.

प्रारणाची ओळख थोडक्यात करून देतो. सुरुवातीच्या विश्वात अणू नव्हते. मोकळे इलेक्ट्रॉन, हायड्रोजन आणि हेलियम यांची केंद्रके आणि प्रकाश यांचे दाट, तप्त मिश्रण होते. मोकळा इलेक्ट्रॉन प्रकाशाला पदोपदी विखुरतो, त्यामुळे ते मिश्रण धुक्यासारखे अपारदर्शक होते. विश्व प्रसरण पावत थंड होत गेले आणि सुमारे ३,८०,००० वर्षांनी तापमान ३,००० केल्विनच्या आसपास आल्यावर इलेक्ट्रॉन केंद्रकांना चिकटून अणू तयार झाले, धुके निवळले आणि प्रकाश मोकळा सुटला. येथे जाणकार वाचक अडखळतो, आणि अडखळायलाच हवे. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे तापमानाच्या भाषेत दीड लाख केल्विनच्या आसपास. मग अणू इतक्या उशिरा, ३,००० केल्विनला का टिकले? कारण विश्वात द्रव्याच्या प्रत्येक कणामागे, म्हणजे प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे, सुमारे १६० कोटी फोटॉन आहेत. सरासरी फोटॉन दुबळा झाला तरी एवढ्या मोठ्या गर्दीत अणू फोडू शकणारे मूठभर दांडगे फोटॉन बराच काळ शिल्लक राहतात. धुके निवळले त्या क्षणापासून आजवर विश्व सुमारे १,०९० पट ताणले गेले, प्रकाशाची तरंगलांबीही तेवढीच ताणली गेली, आणि आज तोच प्रकाश २.७२५ केल्विनचे सूक्ष्मलहरी प्रारण म्हणून आपल्यापर्यंत येतो. दर घनसेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे ४११ फोटॉन आहेत. तुम्ही हे वाचत आहात त्या खोलीतसुद्धा. दूरदर्शनचा जुना, छपरावरच्या अँटेनाचा काळ ज्यांना आठवतो, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर येणाऱ्या मुंग्या पाहिल्या आहेत. त्यांतल्या शंभरात एखादी मुंगी या प्रारणाची होती.

बाकीच्या नव्व्याण्णव कुठल्या, हाच खरा विषय आहे.

विद्यार्थ्यांना हे समजावे म्हणून मी गच्चीवर एक साधा प्रयोग करून घेतो. उपग्रह वाहिन्यांची जुनी डिश, तिच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी, म्हणजे संकेत पकडून वाढवणारी डबी, आणि केबलवाले वापरतात तो सिग्नल मोजण्याचा काटा, एवढेच सामान लागते. डिश मोकळ्या आकाशाकडे, कुठलाही उपग्रह नसलेल्या दिशेला वळवली की काटा खाली जातो. एलएनबीसमोर हात धरला की वर चढतो, कारण हात ३०० केल्विनच्या आसपासचा आहे आणि आकाश त्या मानाने फार थंड. डिश क्षितिजाकडे झुकवत नेली तर काटा हळूहळू वर येतो, कारण तिरप्या दिशेने हवेचा थर जाड होतो. जूनमध्ये ढग भरून आल्यावर हाच प्रयोग केला तर माथ्यावरचे आकाशही ‘तापलेले’ दिसते. पण २.७ केल्विनचे प्रारण या यंत्राने वेगळे दाखवा असे कोणी म्हटले, तर हात जोडावे लागतात. एलएनबीचा स्वतःचाच गोंगाट (रेडिओच्या यंत्रांत तोही तापमानातच मोजतात) ५० केल्विनच्या पुढे असतो, आणि तो नेमका किती हे माहीत नसल्यामुळे तो वजा करता येत नाही. गोंगाट जास्त असणे ही अडचण तुलनेने लहान आहे. तो किती आहे हे ठाऊक नसणे ही मोठी.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेल येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४-६५ मध्ये जे केले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. बेल प्रयोगशाळेची २० फुटी, कर्ण्याच्या आकाराची अँटेना मुळात उपग्रह-संदेशवहनासाठी बांधलेली होती. कर्ण्याचा फायदा असा की त्याला मागून आणि बाजूने फारसे ‘दिसत’ नाही, म्हणजे तापलेल्या जमिनीची उष्णता आत शिरत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या मते संपूर्ण कथेचा कणा आहे: अँटेनाचा संकेत आणि द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या संदर्भ-स्रोताचा संकेत आलटूनपालटून एकाच रिसीव्हरला जोडून त्यांची तुलना केली. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट दोन्हीकडे सारखाच असल्याने तुलनेत तो गळून पडतो, आणि संदर्भाचे तापमान माहीत असल्याने आकाशाचे तापमान निव्वळ अंदाजाने नव्हे तर मापाने मिळते.

आता त्यांचा जमाखर्च पाहा. ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीला माथ्यावरच्या आकाशाचे तापमान ६.७ केल्विन भरले. त्यातले २.३ केल्विन वातावरणाचे. हे त्यांनी अँटेना झुकवून काढले, कारण क्षितिजापासून ३० अंशांवर हवेचा थर माथ्यावरच्या दुप्पट असतो आणि झुकवताना होणारी वाढ पाहून माथ्यावरचा वाटा सांगता येतो. ०.८ केल्विन अँटेनाच्या धातूतल्या विद्युतरोधामुळे, आणि मागून येणारी जमिनीची उष्णता ०.१ केल्विनपेक्षाही कमी. बेरीज ३.२. उरले साडेतीन केल्विन, एक केल्विन इकडे-तिकडे. हे उरलेले कशातच बसेना. जुलै १९६४ ते एप्रिल १९६५ या काळात ते ऋतूप्रमाणे बदलले नाही, दिशेप्रमाणे बदलले नाही, त्याला ध्रुवण, म्हणजे लहरींच्या कंपनाची ठरावीक दिशा, नव्हते. अँटेनात घरटे केलेली कबुतरांची जोडी हाकलली, त्यांनी केलेली घाण धुऊन काढली, पत्र्यांच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली; आकडा नावापुरता हलला. कबुतरांची गोष्ट सगळे सांगतात. मला त्या गोष्टीपेक्षा ०.८ या आकड्यापुढे त्यांनी लिहिलेली ०.४ ची संभाव्य चूक अधिक भावते, कारण स्वतःच्या अँटेनाविषयी आपल्याला किती कमी खात्री आहे हे त्यांनी तिथे मोजून मांडले आहे.

उरलेल्या साडेतीन केल्विनचा अर्थ जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी, जेम्स पीबल्स, पीटर रोल आणि डेव्हिड विल्किन्सन यांच्याकडे तयार होता. ते स्वतः हेच प्रारण शोधायला उपकरण बांधत होते. त्याही आधी, १९४८ मध्ये, राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी असे प्रारण आज सुमारे ५ केल्विनचे असावे असे गणिताने सांगून ठेवले होते, आणि जवळजवळ सगळेच ते विसरले होते. तरीही १९६५ च्या त्या एका मापावरून ‘हाच आरंभीचा प्रकाश’ असे म्हणणे घाईचे होते. एका तरंगलांबीवरचे एक माप म्हणजे आलेखावरचा एक ठिपका, आणि एका ठिपक्यातून हव्या तेवढ्या रेषा जातात. पूर्वी द्रव्य आणि प्रकाश यांचा खरोखरच दाट समतोल असेल तर सर्व तरंगलांबींवर मिळून कृष्णिकेचा, म्हणजे आदर्श तप्त वस्तूचा, वर्णपट दिसायला हवा. त्यासाठी हवेबाहेर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ज्या मिलिमीटरच्या पट्ट्यात हा वर्णपट शिखर गाठतो तिथे वातावरण फार त्रास देते.

१८ नोव्हेंबर १९८९ रोजी सुटलेल्या कोबे उपग्रहावर जॉन मॅथर यांच्या पुढाकाराने बनवलेले फिरास हे उपकरण होते. त्याचे तत्त्व वाण्याच्या तराजूचे. एका पारड्यात आकाश, दुसऱ्यात तापमान ठरवता येणारी कृत्रिम कृष्णिका. आणि मधूनमधून आकाशाच्या जागीही दुसरी, अधिक अचूक कृष्णिका तोंडाशी आणून बसवायची, म्हणजे तराजूत खोट असेल तर उघडी पडते. जानेवारी १९९० मध्ये अवघ्या नऊ मिनिटांच्या निरीक्षणांवरून काढलेला वर्णपट खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत दाखवला गेला तेव्हा सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. पुढे सर्व निरीक्षणे हिशोबात घेतल्यावर कृष्णिकेपासूनचा फरक शिखराच्या तीव्रतेच्या एक लाखात पाच भागांहूनही कमी निघाला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे जयंत नारळीकर यांची आठवण होणार, आणि तो विषय टाळणे बरोबर नाही. महास्फोटाच्या कल्पनेवर त्यांचा आक्षेप अखेरपर्यंत होता. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या अर्धस्थिर विश्वाच्या प्रतिमानात हे प्रारण म्हणजे पूर्वीच्या ताऱ्यांचा प्रकाश होता. दीर्घिकांमधल्या अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी तो शोषून पुन्हा उत्सर्जित केला, त्यामुळे कृष्णिकेसारखा झाला, असे त्यांचे म्हणणे. प्रतिमान मला पटत नाही, पण त्यामागचा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे: हे प्रारण दूरच्या भूतकाळातून आले, आपल्या आसपास तयार झाले नाही, हे तुम्ही प्रत्यक्ष कसे दाखवाल?

उत्तराची पद्धत सुंदर आहे आणि तिचा एक धागा पुण्यात आहे. १९४१ मध्ये कॅनडातल्या अँड्र्यू मॅकेलर यांनी ताऱ्यांच्या प्रकाशात वाटेतल्या सायनोजेन रेणूंच्या शोषणरेषा पाहिल्या. रेणू किती वेगाने फिरत आहेत यावरून भोवतालचे तापमान काढता येते, आणि ते त्यांना सुमारे २.३ केल्विन मिळाले. कोणालाही त्याचा अर्थ लागला नाही. अवशेष प्रारणाची चाहूल खरे तर तिथेच लागलेली होती. रेणू हा आपल्या जागी ठेवलेला तापमापकच असतो. आता असा तापमापक आपल्यापासून अब्जावधी प्रकाशवर्षे दूर सापडला तर? तिथला प्रकाश निघाला तेव्हा विश्व लहान होते, म्हणून प्रारण अधिक तप्त असायला हवे, आणि किती तप्त हे ताम्रसृतीवरून, म्हणजे तिथल्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत किती ताणली गेली यावरून, नेमके ठरते. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांचे युरोपीय सहकारी पॅट्रिक पेटीजाँ व सेड्रिक लेडू यांनी २००० मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने २.३४ ताम्रसृतीच्या मेघातल्या कार्बन अणूंवरून हे तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचे दाखवले, अपेक्षा ९.१ ची होती. पल्ला मोठा होता, म्हणून शंकेला जागा राहिली. २००८ मध्ये पास्किए नोटरडेम यांच्यासह याच गटाने २.४२ ताम्रसृतीच्या मेघातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून ९.१५ केल्विन हे माप मिळवले, चूक ०.७ च्या घरात; अपेक्षित आकडा ९.३ होता. प्रारण आपल्या परसातले असते, तर तिकडच्या मेघाला ते अधिक तप्त असण्याचे काही कारण नव्हते.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘सगळीकडे सारखे’ हे विधान किती दशांशांपर्यंत, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तिसऱ्या दशांशात पहिला फरक दिसतो: सिंह आणि चषक या तारकासमूहांच्या सीमेकडे आकाश ३.३६ मिलिकेल्विनने अधिक उबदार आणि नेमके उलट्या बाजूला तेवढेच गार आहे. यात आरंभीच्या विश्वाचा काही संबंध नाही. सूर्यमाला त्या दिशेने सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जात आहे. त्याला प्रकाशाच्या वेगाने भागा, ०.००१२३ येते, त्याला २.७२५ ने गुणा, ३.३६ मिलिकेल्विन हातात येतात. हाही वजा करायचा. पण यातला गमतीचा भाग पुढे आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणून या फरकावर सुमारे ०.२७ मिलिकेल्विनची वर्षभर हेलकावणारी लाट स्वार झालेली असते. पृथ्वीचा वेग ग्रहगणितावरून अतिशय काटेकोरपणे ठाऊक असल्याने त्या लाटेची उंची यंत्राशिवाय सांगता येते, आणि म्हणून उपग्रहाचे काटे याच लाटेवर लावून घेतात. इतरांच्या दृष्टीने ती कचरा. आमच्या दृष्टीने आकाशात टांगलेले प्रमाणित वजन.

ते वजा केल्यावर पाचव्या दशांशात, म्हणजे एक लाखात एक-दोन भागांच्या घरात, खरे डाग दिसतात. १९९२ मध्ये जॉर्ज स्मूट यांच्या गटाने कोबेच्याच दुसऱ्या उपकरणाने ते दाखवले. या पातळीवर मोठा अडथळा असतो आपल्याच आकाशगंगेचा. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे प्रारण कमी वारंवारितेला जोरकस असते आणि वाढत्या वारंवारितेबरोबर मावळते. ताऱ्यांमधल्या धुळीचे नेमके उलट. दोघांच्या मध्ये, ७० ते १०० गिगाहर्ट्झच्या आसपास, एक खिंड आहे जिथे आकाशगंगा सर्वांत मंद असते. या खिंडीतही ती शून्य नसते, म्हणून एकाच आकाशाचे अनेक वारंवारितांना नकाशे काढावे लागतात. अवशेष प्रारणाचा डाग तापमानात मोजला तर सर्व नकाशांत सारखाच दिसला पाहिजे. जो वारंवारितेबरोबर बदलतो तो आपला नव्हे. २००१ मध्ये सुटलेल्या डब्ल्यूमॅप उपग्रहाला असे पाच पट्टे होते, २००९ मध्ये सुटलेल्या प्लँक उपग्रहाला नऊ, ३० पासून ८५७ गिगाहर्ट्झपर्यंत. ८५७ च्या नकाशात अवशेष प्रारण जवळजवळ दिसतच नाही, सगळी धूळच. आणि म्हणूनच तो लागतो. प्लँकचे उच्च वारंवारितेचे संवेदक ०.१ केल्विनपर्यंत थंड केलेले होते, आणि तरीही वैश्विक किरणांचे कण त्यांच्यावर इतक्या वेळा आदळत की ते झटके ओळखून पुसणे हेच एका गटाचे कित्येक वर्षांचे काम होऊन बसले.

इतके सगळे उपसून जे उरते ते पाहण्यासारखे आहे. अणू बनण्यापूर्वीच्या त्या मिश्रणात जिथे द्रव्य किंचित जास्त होते तिथे गुरुत्वाकर्षण त्याला आणखी खेचत असे, आणि दाबला गेलेला प्रकाश स्प्रिंगसारखा उलटा रेटा देत असे. दाब आणि ताण यांच्या या ओढाताणीतून ध्वनिलहरी उठल्या. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होता. धुके निवळले त्या क्षणी प्रकाशाचा रेटा संपला आणि प्रत्येक लहर ज्या अवस्थेत होती त्या अवस्थेत तिचे चित्र उमटले. जिला तेवढ्या वेळात नेमके एकदाच आकुंचन पावता आले, ती लहर सर्वांत ठळक. तिची छाप आज आकाशात सुमारे एक अंशाच्या, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंदीच्या डागांत दिसते. एकदा आकुंचन आणि मग प्रसरण पूर्ण केलेली लहर दुसरी, आणि असेच पुढे. डागांचा आकार आडव्या अक्षावर आणि फरकाची तीव्रता उभ्या अक्षावर मांडली की शिखरांची रांग उभी राहते. याला तंबोऱ्याच्या स्वरांची उपमा देण्याची पद्धत आहे, ती मी अर्धीच मान्य करतो. तारेची लांबी मूळ स्वर ठरवते तशी इथे ध्वनीने तोवर कापलेले अंतर पहिले शिखर ठरवते, इथपर्यंत ठीक. पण तंबोरा वाजत राहतो आणि आपण ऐकत राहतो. इथे सगळ्या लहरी एकाच क्षणी सुरू झाल्या आणि एकाच क्षणी त्यांचा फोटो काढला गेला. शिखरे दिसतात ती या एकत्र सुरुवातीमुळे. लहरी वाटेल तेव्हा, वाटेल तशा उठल्या असत्या तर शिखरे एकमेकांत मिसळून सपाट झाली असती.

पहिल्या शिखराची जागा विश्वाची भूमिती सांगते. ध्वनीने कापलेले खरे अंतर गणिताने माहीत आहे, ते किती अंशांचे दिसते हे मोजलेले आहे. मधला अवकाश भिंगासारखा वक्र असता तर तेच अंतर लहान किंवा मोठे दिसले असते. डिसेंबर १९९८ मध्ये अंटार्क्टिकावर सुमारे साडेदहा दिवस तरंगलेल्या बूमरँग या बलूनवरच्या दुर्बिणीने २००० मध्ये हे शिखर जिथे दाखवले ती जागा सपाट अवकाशाची होती. दुसऱ्या शिखरातून साध्या द्रव्याचे वजन निघते: प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे ओझे जितके अधिक, तितके आकुंचन खोल आणि प्रसरण फिके, म्हणून पहिल्या व तिसऱ्या शिखराच्या तुलनेत दुसरे खुजे राहते. तिसऱ्या शिखराची उंची कृष्णद्रव्य सांगते, कारण प्रकाशाचा रेटा न जाणवणाऱ्या द्रव्याने गुरुत्वाचे खड्डे टिकवून धरले नसते तर तिसरे शिखर इतके उंच राहिलेच नसते. प्लँकच्या अंतिम हिशोबात साधे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २६ ते २७ टक्के, उरलेली प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा, आणि वय १,३८० कोटी वर्षे. ही शिखरे दिसण्याच्या तीस वर्षे आधी, १९७० मध्ये, पीबल्स आणि यू यांनी आणि रशियात सुन्याएव व झेल्डोविच यांनी त्यांचे गणित मांडलेले होते. लोखंडी तंतूंच्या प्रतिमानाला अशी रचना निरीक्षणानंतर बसवून घ्यावी लागली. माझे मत वर्णपटापेक्षाही यावर अधिक ठरले.

यावर हमखास येणारा उपप्रश्न असा की, हा प्रकाश विश्व ३,८०,००० वर्षांचे असतानाचा असेल तर त्याआधीचे कसे बोलता? त्या धुक्याच्या भिंतीपलीकडचे थेट दिसत नाही हे खरे. पण पहिल्या काही मिनिटांत तयार झालेल्या ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण, जे दूरच्या वायुमेघांत स्वतंत्रपणे मोजले जाते, त्यावरूनही साध्या द्रव्याची घनता निघते, आणि ती दुसऱ्या शिखरावरून काढलेल्या घनतेशी काही टक्क्यांच्या आत जुळते. एक हिशोब अणुकेंद्रकांच्या भौतिकीचा, दुसरा ध्वनिलहरींचा. मध्ये अंतर लाखो वर्षांचे. त्याही मागे, सेकंदाच्या अत्यल्प अंशात, जिथे इन्फ्लेशन नावाचा अतिवेगवान फुगवटा झाला असे मानतात, तिथे मात्र आमचे पाय जमिनीवर तितके घट्ट नाहीत.

ते किती घट्ट नाहीत याचा धडा २०१४ मध्ये मिळाला. इन्फ्लेशनमध्ये गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लाटा, उठल्या असतील तर अवशेष प्रारणाच्या ध्रुवणात विशिष्ट भोवऱ्यासारखी नक्षी असायला हवी. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने १७ मार्च २०१४ रोजी ती सापडल्याचे जाहीर केले. उपकरण उत्तम होते, नक्षी खरी होती, सांख्यिकी चोख होती. पण त्या दुर्बिणीला १५० गिगाहर्ट्झ हा एकच पट्टा होता. चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला रांगेत उभे राहिलेले धुळीचे लांबट कणसुद्धा तशीच नक्षी काढतात, आणि धूळ किती वजा करायची हे त्यांना इतरांच्या अपुऱ्या नकाशांवरून ठरवावे लागले. प्लँकच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नकाशाने आकाशाचा तो ‘स्वच्छ’ तुकडा तितका स्वच्छ नसल्याचे दाखवले, आणि २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी एकत्र केलेल्या विश्लेषणात गुरुत्वलहरींसाठी ठोस असे काही उरले नाही. त्या गटाने नंतर पट्टे वाढवले आणि २०२१ मध्ये अधिक कडक मर्यादा दिली. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या जागी असतो तर मीही बहुधा तीच चूक केली असती. आपल्याला हवा तो आकडा उरला की माणसाचा वजाबाकी तपासण्याचा हात ढिला पडतो.

प्रसरणाच्या दराबाबत सध्या चाललेला वाद, म्हणजे प्लँकवरून येणारा ६७.४ आणि अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, येणारा सुमारे ७३ (दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला इतके किलोमीटर), यात कोणाची वजाबाकी चुकली आहे की खरोखर नवे भौतिकी डोकावते आहे, यावर मी आज पैज लावणार नाही.

शेवटी ज्याकडे तुमच्यासारख्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने लक्ष द्यावे असे एक उदाहरण देतो, कारण होमडेलचा जमाखर्च त्यात पुन्हा जसाच्या तसा दिसतो. पहिले तारे पेटू लागले तेव्हा, विश्वाच्या सुमारे १८ कोटी वर्षांच्या वयात, अवशेष प्रारण ५० केल्विनच्या आसपास होते आणि हायड्रोजन वायू त्यातला थोडा भाग २१ सेंटिमीटर तरंगलांबीला शोषून घेत होता. या शोषणाने प्रारणात पडलेली खाच आज ताणून ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास यायला हवी, आणि ऑस्ट्रेलियातल्या एजेस या प्रयोगाने २०१८ मध्ये तिथे अर्धा केल्विन खोल खाच सापडल्याचे म्हटले. अपेक्षेच्या दुपटीहून ती खोल होती. या वारंवारितेला आकाशगंगा एक-दीड हजार केल्विनने आणि कित्येक ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक तेजाने चमकते, आणि अँटेनाखालची जमीन थराथराने, ओलाव्याने, दगडमातीने बदलत असल्यामुळे तिचा वाटा गणितात नीट बसत नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या गटाने यावर काढलेला तोडगा साधा होता. त्यांनी आपली सारस-३ ही अँटेना तराफ्यावर ठेवून २०२० च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यात तरंगत ठेवली. अँटेनाखाली सर्वत्र एकसारखे पाणी, म्हणून खालून येणारा वाटा लिहून काढता येण्याजोगा. २०२२ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला: एजेसने सांगितलेल्या आकाराची खाच तिथे नाही, ९५ टक्क्यांच्या खात्रीने.